डावाला हद्द आहे, डाव किती खेळायचे याला नाही



पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

दिवाळी झाली. गावोगावी मंडया सुरू आहेत, रात्री नाटकं रंगताहेत. धान केंद्रावर जायला लागलं आहे. काही दिवसांनी चुकारे खात्यात पडतील. म्हणून आत्ताच लिहितो. खात्यात पैसे पडल्यावर अशी पोस्ट वाचायला कोणाला वेळ नसतो. मलाही नव्हता.

विषय आहे पत्त्यांचा. आधी माझंच सांगतो, म्हणजे मागून कोणी "भाऊ, तुम्ही पण तं खेळत होते" म्हणायला नको. होय, खेळत होतो. पैसे लावून रमी खेळलो. कित्येक वर्षं पारावर, मग साडेचार-पाच वर्षं मोबाईलवर. घर विकलं नाही, शेत गहाण टाकलं नाही, कोणाच्या दारात सावकारी कर्ज मागायला गेलो नाही. शौकापुरता खेळणारा माणूस. आज लिहितो ते या "शौकापुरता" शब्दाबद्दलच. बरबाद झालेल्यांच्या बातम्या पेपरात येतात. शौकापुरता खेळणाऱ्यांचं कोणी लिहित नाही, आणि आपल्या करडी-पालोरा-मुंढरी पट्ट्यात तेच जास्त आहेत.

पहिले पारावरचा फड आठवा. तेरा पानांची रमी, दहा पैसे पॉइंट. पहिल्याच हाती पत्ते टाकले तर २० पॉइंट, खेळून मधे टाकले तर ४०, आणि कितीही वाईट हरलात तरी ८० च्या वर नाही. म्हणजे एका डावात जास्तीत जास्त आठ रुपये. दिवसभर नशीब फुटकं निघालं तरी शंभर-दीडशे. पोळ्याच्या पाडव्याला किंवा दिवाळीत जरा वाढायचं, एवढंच.

ही ८० ची हद्द मला फार आवडायची. तीन पत्तीत तसं नसतं. तिथे समोरचा चढवत गेला की तुम्ही चढवत जाता, आणि एका हातात खिसा रिकामा. रमीत डोकं लागतं: कोणतं पान गेलं, समोरच्याने काय उचललं, जोकर कुठे लावायचा, कधी पत्ते टाकून गप बसायचं. आणि डोकं नाही चाललं तरी नुकसान ठरलेलं.

इंग्रजी पत्त्यांत पोकरचा एक प्रकार असाच आहे, त्याला लिमिट पोकर म्हणतात. त्यात बोली किती रुपयांची लावायची ते आधीच ठरलेलं असतं, आणि एका फेरीत किती वेळा चढवता येईल यालाही मर्यादा असते. सहसा एक बोली आणि तीनदा चढ. सिनेमात दाखवतात तसं सगळं एकदम मधे लोटून द्यायची सोय नाही. म्हणून शौकीन माणसाला तो सुरक्षित वाटतो. आपली पॉइंटवाली रमी त्याचीच गावठी बहीण समजा.

आता गंमत बघा. पारावर ८० च्या हद्दीने आम्हाला वाचवलं असं मी किती वर्षं समजत होतो. खरं म्हणजे वाचवणाऱ्या हद्दी वेगळ्याच होत्या, आणि त्या नियमात कुठे लिहिलेल्या नव्हत्या. अंधार पडला की पत्ते दिसत नव्हते. खिशात होते तेवढेच पैसे. संपले की कोणी उसने देत नव्हतं, आणि एखाद्याने दिलेच तर दुसऱ्या दिवशी गावभर झालं. कोणाची तरी आई यायची आणि चारचौघांत म्हणायची, "ढोरं कोण बांधंल गा?" रोवणी आली की फडच मोडायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे मधे बसून कमिशन खाणारा कोणी नव्हता. मी हरलो तर पैसे शेजारच्याकडे जायचे, पुढच्या आठवड्यात तो हरला की परत यायचे. वर्षाअखेरी हिशोब केला असता तर सगळे जिथल्या तिथेच निघाले असते. खर्च फक्त चहाचा.

मग २०२० चं लॉकडाऊन आलं. फड बसेना. कोणीतरी ॲप दाखवलं. मी दहा पैसे पॉइंटवरच बसलो. म्हटलं, आपली हद्द आपल्याला माहीत आहे.

पहिल्या महिन्यात अकराशे रुपये वर होतो. खोटं का बोलू, छाती फुगली. पारावर पंधरा वर्षं घासलेलं डोकं कामी येतंय असं वाटलं. मग दहा पैशाचे पंचवीस झाले, पंचविसाचा रुपया. हद्द तीच, ८० पॉइंट. पण आता ८० म्हणजे आठ रुपये नव्हते, ऐंशी रुपये होते. कधी सलग सहा-सात डाव यायचे, झोप उडायची. कधी दोन रात्री एक सिक्वेन्स लागायचा नाही. तेव्हा वाटायचं, आज पत्ते खराब आहेत, उद्या फिरतील. फिरायचेही. म्हणूनच तर सुटत नाही. रोज हरवणारा खेळ कोणीही सोडेल. चार दिवस हरवून पाचव्या दिवशी जिंकवणारा खेळ सोडायला छाती लागते.

पुढे मी एक वही घातली. धानाचा हिशोब ठेवतो तशीच. चौदा महिने रोज लिहिलं. चांगल्यात चांगली रात्र: २,३०० रुपये वर. पाच महिने फायद्याचे निघाले, नऊ तोट्याचे. बेरीज: ३८,४५० रुपये तोटा. २०२५-२६ च्या हंगामातल्या २,३६९ रुपये हमीभावाने हे सोळा क्विंटलच्या वर धान होतं. कोणाच्या लक्षातही न येता गेलं. दर डावाला हद्द होती, आणि मी ती एकदाही मोडली नव्हती!

हे कसं झालं ते समजायला मला गणित घालावं लागलं. तुम्हीही घाला, पाचवीच्या पोराचं गणित आहे.

समजा तुम्ही आणि समोरचा सारखेच हुशार. रुपया पॉइंट. हरणारा सरासरी ३० पॉइंटने हरतो, म्हणजे ३० रुपये. त्यातून कंपनी दहा टक्के घेते असं धरा, म्हणजे ३ रुपये. मी खेळायचो तिथे कधी जास्तही कापायचे. जिंकणाऱ्याला मिळाले २७. तासाला ३० डाव होतात, कारण मोबाईलवर पिसणं नाही, वाटणं नाही, तंबाखू मळणं नाही. रोज तीन तास म्हणजे ९० डाव. कंपनीचे झाले २७० रुपये. महिन्याचे ८,१००. दोघांत वाटले तर तुमच्या खिशातून ४,०५०. म्हणजे पावणेदोन क्विंटल धान, महिन्याला, बरोबरीत सुटलेल्या माणसाच्या घरातून!

आता नशिबाचं बघा. शंभर डावांत नशिबाने साधारण तीनेकशे रुपये इकडे-तिकडे होतात, आणि तुमच्या वाट्याचं कमिशन जातं दीडशे. म्हणजे नशीब कमिशनपेक्षा मोठं. एक-दोन दिवस खेळणारा जिंकून उठू शकतो, आणि तोच गावभर सांगत फिरतो. हजार डावांत नशिबाची झूल साधारण हजाराची, कमिशन दीड हजार. दहा हजार डावांत नशीब तीन हजार इकडे नाहीतर तिकडे, आणि कमिशन पंधरा हजार. रोज ९० डाव खेळणाऱ्याचे दहा हजार डाव चार महिन्यांच्या आतच होतात.

नशीब झोक्यासारखं दोन्हीकडे जातं. कमिशन एकाच बाजूला चालतं. शौकापुरता खेळणाऱ्याच्या चढउतारांचं सगळं गुपित एवढंच आहे. चढउतार आपल्या डोळ्याला दिसतात, रात्रीची झोप तेच खातात. घर खाते ती कमिशनची सरळ रेघ, ती दिसत नाही.

"पण भाऊ, मी समोरच्यापेक्षा हुशार असलो तर?" असेलही. पण किती हुशार? दहा टक्के कापून गेल्यावर उरेल इतका? त्या लिमिट पोकरचंच बघा. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केलं की दोघांचा लिमिट पोकर त्यांच्या कॉम्प्युटरने जवळजवळ पूर्ण सोडवला. त्याच्याशी जन्मभर खेळलात तरी खेळाच्या जोरावर ठळक फायद्यात येणार नाही, इतका पक्का. पण असे दोन कॉम्प्युटर एकमेकांसमोर बसवले आणि मधे कमिशन घेणारा ठेवला, तर दोन्ही बुडतील. जगातलं सगळ्यात पक्कं डोकं असूनही. मग दिवसभर शेतात राबून रात्री अकराला आडवं पडून खेळणाऱ्या आपलं काय?

आणखी एक. २०२४ च्या जुलैची गोष्ट, सांगायला लाज वाटते पण सांगतो. रोवणीच्या बायांचे पैसे, नऊ हजार, खात्यात बाजूला ठेवले होते. दोन रात्रींत त्यातले ५,६०० गेले. आधीचे भरून काढायला बसलो होतो. सकाळी बाया बांधीत उतरलेल्या, आणि मी बायकोला सांगितलं की एटीएममध्ये पैसे नाहीत. भाऊजींकडून उसने आणून वेळ मारून नेली. तिसऱ्या दिवशी वही तिच्यासमोर ठेवली. भांडण होईल असं वाटलं होतं. तिने सगळी पानं चाळली आणि एवढंच विचारलं, "जिंकले ते घरी कधी आणले होते?"

वही पाहिली. चौदा महिन्यांत ॲपमधून खात्यात पैसे मी चारदा काढले होते. बाकी सगळी जीत तिथेच राहिली आणि तिथेच गेली. जिंकलेले पैसे मला कधी पैसे वाटलेच नाहीत, ते पुढच्या डावाचे पॉइंट वाटले. हरलेले मात्र घरचे होते.

आता कायद्याकडे येऊ, कारण गावात यावर उलटसुलट बोललं जातं.

रमी कौशल्याचा खेळ आहे हे सुप्रीम कोर्टाने आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध सत्यनारायण या खटल्यात सांगितलं. १९६८ चा निकाल म्हणून तो ओळखला जातो. रमीत पानं लक्षात ठेवावी लागतात, ठेवायचं-टाकायचं ठरवावं लागतं, म्हणून ती तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही. आपल्या राज्याचा जुगार कायदा १८८७ चा, त्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. ॲपवाल्यांनी हाच निकाल वर्षानुवर्षं ढालीसारखा पुढे केला. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट सांगितली होती: पैसे लावून चालणाऱ्या खेळातून जागेचा मालक किंवा क्लब स्वतः नफा कमावत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. म्हणजे तेव्हाच्या न्यायाधीशांनीही बोट ठेवलं ते मधे बसून खाणाऱ्यावर. ही बाजू कोणत्या जाहिरातीत ऐकली का तुम्ही?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचे असोत की नशिबाचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कंपन्या कोर्टात गेल्या, पण मोठ्या ॲपांनी पैशाचे डाव थांबवले. त्याच्या महिनाभर आधी आपण काय बघत होतो? तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाईलवर रमी खेळताना दिसतात असा व्हिडिओ. त्यांनी ते नाकारलं, आपोआप आलेला गेम बंद करत होतो म्हणाले. पुढे कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं, त्यावर आपण सगळे हसलो. हसताना अर्ध्या लोकांच्या मोबाईलमध्ये तेच ॲप होतं. माझ्याही.

माझं मत सांगतो. कायदा बरोबर आहे, कारण तो कमिशन खाणाऱ्याला धरतो आणि खेळणाऱ्याला सोडतो. पण "आता बंद झालं, संपलं" असं समजणारे चुकताहेत. दुकान बंद झालं, सवय बंद झाली नाही. आता व्हॉट्सॲपवर, टेलिग्रामवर लिंक येते. पैसे कोणाच्या तरी खासगी खात्यात टाकायचे, तो "आयडी" देतो. तिथे ना हद्द, ना तक्रार, ना जिंकलेले मिळायची खात्री. हे काय असतं ते आपल्या शेजारीच दिसलं आहे. जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदियात अशाच एका प्रकरणात छापा टाकला. नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार होती की ऑनलाइन जुगारात त्याचे ५८ कोटी गेले. घरात कोट्यवधींची रोकड आणि किलोने सोनं निघालं. मोठा व्यापारी होता म्हणून तक्रार झाली, बातमी झाली. आपल्या पोराचे अठरा हजार गेले तर तो कोणाला सांगणार? बापाला सांगता येत नाही, पोलिसांत जायची भीती.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. काही पोरांना "तुझं खातं वापरायला दे, महिन्याला दोन-तीन हजार देतो" असं सांगितलं जातं. पोरांनो, त्या खात्यातून जुगाराचा, फसवणुकीचा पैसा फिरतो आणि पोलीस पहिले खातेदाराच्या दारात येतात. तुमचं खातं, पासबुक, एटीएम कार्ड, सिम कोणाला देऊ नका. सख्ख्या मित्रालाही नाही.

मग करायचं काय? "पत्ते जाळून टाका" असं मी म्हणणार नाही. ऋग्वेदात जुगाऱ्याचं दुःख सांगणारं अख्खं सूक्त आहे, आणि त्यातही शेवटी फासे टाकून शेतीकडे वळायचा सल्ला आहे. इतकी जुनी गोष्ट आहे ही. हजारो वर्षांत पत्ते-फासे गेले नाहीत, माझ्या पोस्टने जाणार नाहीत. पण दुसऱ्या टोकाचे म्हणतात, "आमचा पैसा, आमची मर्जी." त्यांनाही विचारतो: रोवणीच्या बायांचा पैसा तुमचा कसा? पोराच्या फीचा तुमचा एकट्याचा कसा?

माझं म्हणणं चार गोष्टींचं.

एक, हद्द डावाला घालू नका, दिवसाला आणि महिन्याला घाला. ती स्वतःपुरती ठेवू नका, घरात सांगा. जी हद्द फक्त आपल्यालाच माहीत असते ती रात्री बारा वाजता हलते.

दोन, चुकारे ज्या खात्यात येतात ते खातं मोबाईलवरच्या पेमेंटला जोडू नका. रोजच्या खर्चाचं खातं वेगळं ठेवा. मी केलं, फरक पडला.

तीन, हरलेल्या पोराला चारचौघांत जुगारी म्हणू नका. लाज वाटली की तो लपवतो, आणि लपवायला लागला की भरून काढायला खेळतो. माझे ५,६०० तसेच गेले. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करा. मन लागत नसेल, झोप येत नसेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, मोफत आहे. फोन करायला लाज नाही.

चार, पोलीस दादांना हात जोडून विनंती. पारावर दहा पैसे पॉइंटने बसलेली चार म्हातारी उचलून फोटो काढणं सोपं आहे. सट्टापट्टी घेणारा, "आयडी" वाटणारा, खाती भाड्याने घेणारा कोण आहे ते धरा. मधे बसून खातो तो खरा गुन्हेगार. कायद्याचा रोखही त्याच्याकडेच आहे.

माझं म्हणाल तर ऑगस्टमध्ये ॲपवरचा पैशाचा डाव बंद झाला तेव्हा खरंच सुटल्यासारखं वाटलं. आणि थोडा रागही आला, हेही कबूल करतो. पाच-सहा दिवस रात्री हात मोबाईलकडे जायचा. त्याआधी वर्षभर मी कमी केलं, वाढवलं, पुन्हा कमी केलं. शेवटी दुकान बंद झालं म्हणून सुटलं, माझ्या हिमतीवर नाही. त्यामुळे कोणाला शहाणपण शिकवायचा मला अधिकार नाही. वही दाखवायचा आहे.

यंदा दिवाळीत पाराखाली पुन्हा फड बसला होता. पैसे नाही, हरेल त्याने चहा पाजायचा. मी तीन दिवसांत बारा चहा हरलो. सगळ्यांसमोर हरलो, सगळे हसले, आणि सहा वाजता घरून बोलावणं आलं तेव्हा पत्ते टाकून उठलो.

तुमच्या घरात अशी एखादी वही असेल, लिहिलेली किंवा न लिहिलेली, तर यंदाचे चुकारे यायच्या आत तिची बेरीज करून घ्या. आकडा मला सांगू नका. घरात सांगा.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, वाद घालू. फक्त शिव्या नको, आयाबहिणी वाचतात.

जय जवान, जय किसान.